नळापाशी राहिलेला निरोप

मी फिरकीचा तांब्या बोलतोय. नाव ऐकून हसू नका. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी माझा एखादा भाऊबंद माळ्यावर धूळ खात पडला असेल. पोटाला गोल, मानेला आखूड, वर आट्यांचं घट्ट झाकण. ते फिरवून बसवलं की मला गाडीत आडवा टाका, उपडा धरा, थेंब सांडणार नाही. घरातल्या कामाला हंडे-कळशा असतातच. माणूस उंबऱ्याबाहेर पडायला लागला की त्याला माझी आठवण होते. मी वाटेवरचा.

माझा जन्म नगरचा. भांड्यांच्या बाजारामागच्या एका बोळात दिवसभर ठोके चालत. तिथं एका कासारानं पितळेच्या दोन वाट्या ठोकून, झाळून एकमेकींना जोडल्या आणि माझं पोट झालं. आतून कल्हई झाली. आटे पाडताना मात्र त्यानं फार वेळ घेतला. शेजाऱ्यानं घाई केली तेव्हा तो म्हणाला, "आटे बसले तर तांब्या. न्हाई तर नुसतं भांडं."

मला मालनबाई नावाच्या बाईनं विकत घेतलं, लेकीच्या लग्नात द्यायला. लेकीचं नाव रंगुबाई. तिच्याबरोबर बैलगाडीत बसून मी नेवाशाच्या खाली, प्रवरेच्या काठच्या एका गावात आलो. तिचा नवरा कानिफनाथ. काळी जमीन, एक विहीर, दावणीला चार जनावरं. माणूस कष्टाळू आणि सरळ, पण बोलायला भारी महाग. जे तीन शब्दांत भागेल त्याला तो दोनच वापरी. रंगुबाई म्हणायची, "ह्यांच्या तोंडाला बी तांब्यासारखं झाकान हाय."

त्यांना एकच मूल जगलं. पुष्पावती. ती लहान असताना मढीच्या जत्रेला जाताना गाडीत मी त्या बापलेकीच्या मध्ये असायचो. तहान लागली की कानिफनाथ स्वतः माझं झाकण काढी आणि तिच्या इवल्या ओंजळीत हळूहळू धार सोडी. पाणी कोपरापर्यंत ओघळायचं, ती खदखदून हसायची आणि तोही हसायचा. त्याला हसताना मी तेवढंच पाहिलं. बायकोला हाक मारायची तर तो म्हणे, "पुष्पाची आई." दिवसातून दहादा तरी ही हाक घरात घुमायची.

पोरगी हुशार निघाली. तिला नगरला नर्सिंग शिकायला पाठवायचं ठरलं तेव्हा भावकीनं नाकं मुरडली. आसाराम म्हणून कानिफनाथाचा चुलतभाऊ होता. तो ओट्यावर येऊन म्हणाला, "पाटलाच्या घरची पोर, आन् लोकांची घान काढनार?"

"आजाऱ्याची शेवा हाय ती," कानिफनाथ म्हणाला आणि विषय तिथंच संपला. तिला नगरला पोचवायला तोच गेला. मीही सोबत होतो.

शिकून ती मुंबईला गेली आणि तिथून इंग्लंडात, एका मोठ्या दवाखान्यात. गावात कौतुक झालं. दोन वर्षांनी कळलं, की तिनं तिथंच लग्न केलं. मुलगा तिच्याच दवाखान्यातला, कुरियन नावाचा, केरळकडचा, ख्रिस्ती. विचारलं नाही, सांगितलं ते लग्न झाल्यावर.

कानिफनाथानं आरडाओरडा केला नाही. त्यानं केला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. तो फक्त म्हणाला, "तिचं नाव हितून फुडं या घरात न्हाई." आणि स्वतःही ते पाळलं. त्यात झालं असं, की लेकीचं नाव गेलं तशी बायकोची हाकही गेली. 'पुष्पाची आई' म्हणायचं तर पुष्पा येणारच. तेव्हापासून तो रंगुबाईला "आगं" म्हणू लागला, "ऐकलं का" म्हणू लागला, कधी नुसताच खाकरायचा. घरात दोन माणसं, आणि एकाला दुसऱ्याची हाक उरली नाही.

पुष्पावतीचं पहिलं बाळ पोटातच गेलं. पुन्हा दिवस राहिले तेव्हा तिनं आईला बोलावलं. तिकीटही पाठवलं. रंगुबाईचा भाऊ मच्छिंद्र मुंबईला गोदीत नोकरीला होता, त्यानं पासपोर्टाची धावपळ केली.

रंगुबाईनं ही गोष्ट नवऱ्याला चुलीपुढं सांगितली, भाकरी थापता थापता, त्याच्याकडं न बघता. "मी जानार हाय."

"कुठं?"

"तुमाला ठावं हाय कुठं."

त्यानं ताटातली भाकरी संपवली, हात धुतला. दाराशी जाऊन उभा राहिला. मग पाठमोराच म्हणाला, "वाटंला तांब्या घे."

परवानगी द्यायची त्याची ही रीत होती. रंगुबाईनं पदरानं डोळे टिपले आणि मला चिंचेनं घासायला घेतलं.

तर अशा रीतीनं, बाहत्तर सालच्या सुरुवातीच्या थंडीत, मी सांताक्रूझच्या विमानतळावर येऊन पोचलो.

काय सांगू तुम्हाला ती जागा! एवढा गुळगुळीत दगड पायाखाली, की रंगुबाई चपला हातात घेऊनच चालू लागली. मच्छिंद्र म्हणाला, "आक्का, घाल पायात. हितं समदे घालत्यात." नऊवारी लुगडं, त्यावर नवा लोकरीचा स्वेटर, पायात आयुष्यातले पहिले मोजे. सामानात डिंकाचे लाडू, खारीक, आळीव, बाळाची कुंची आणि तिखटाचा डबा. ते सगळं काट्यावर गेलं, पट्ट्यावरून आत गेलं. मी तेवढा तिच्या हातात राहिलो.

मग कळलं, की विमानात काही बिघाड आहे. सकाळचं उड्डाण दुपारवर गेलं. ज्यांचं तिकीट आहे त्यांनी आत जायचं ते पुकारा झाल्यावर. तोवर बसा.

रंगुबाई आणि तिला पोचवायला आलेला कानिफनाथ एका बाकावर बसली.

तुम्हाला यात विशेष काही वाटणार नाही. मला वाटलं. तीस वर्षांच्या संसारात मी त्यांना एका बाकावर शेजारी बसलेलं पाहिलं नव्हतं. घरी तो ओट्यावर, ती उंबऱ्याच्या आत. शेतात तो पुढं, ती मागं. जेवताना तो आधी, ती नंतर. इथं करायला काम नव्हतं, लपायला चूल नव्हती, बघायला भावकी नव्हती. तरी लाजून दोघांनी मध्ये एका माणसाची जागा सोडली आणि तिथं मला ठेवलं.

मच्छिंद्र चौकशीच्या खिडकीपाशी जाऊन-येऊन करत होता. आजूबाजूला गर्दी. माणसांची निरोपाची रीत मी तिथं पाहिली. एक जाणारा आणि वीस पोचवणारे. गळ्यात इतके हार की त्याचं तोंड दिसेना. कोणी पासपोर्ट घेतलास का, म्हणून पुन्हा पुन्हा विचारत होतं. कोणी मफलर बांध, मफलर बांध म्हणत होतं. खरं बोलायचं असतं ते सोडून माणसं मफलरबद्दल बोलतात, हे मला त्या दिवशी कळलं.

आमच्या बाकावर मफलरही नव्हता.

मग रंगुबाई म्हणाली, "गाईला आंबोन घालाया शेजारच्या छबूबाईला सांगितलंय."

"हं."

"पीठ दळून ठिवलंय. संपलं तर पुना दळून आना. कालवन छबूबाई देईल."

"हं."

ती माझं झाकण उघडून एक घोट प्यायली, त्याच्याकडं मला सरकवलं. तोही प्यायला. घरून भरून आणलेलं विहिरीचं पाणी असं थोडं थोडं संपत आलं.

अखेर तिनं विचारलंच. "तिला काय सांगू?"

"काय सांगायचं?"

"तुमचं म्हनून. दारात पाय ठिवला का इचारंल ती, आबा काय म्हनले."

कानिफनाथ समोरच्या काचेकडं बघत राहिला. मला वाटलं, आता येतील शब्द. तो म्हणाला, "कपिला व्याली म्हनून सांग. कालवड झाली."

रंगुबाई त्याच्याकडं बघतच राहिली. "गाय व्याली हे सांगाया मी सात समिंदर वलांडून चाललेय व्हय?"

तो कोटाची गुंडी चाचपत राहिला.

"आवं, तिचं एक ल्येकरू गेलं. बापाचा एक शबुद न्हाई गेला तिकडं. आता दुसऱ्या टायमाला तरी..." तिनं तोंड फिरवलं, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. नंतर तिनं पुन्हा विचारलं नाही. बऱ्याच वेळानं एवढंच म्हणाली, "तान लागलीय. पानी संपलं."

तो इतक्या झटकन उठला, की जणू त्या बाकावरून उठायला त्याला काही तरी हवंच होतं. मला गळ्याशी धरून तो निघाला.

पाण्याची जागा काही सापडेना. त्यानं एका हमालाला विचारलं, त्यानं एका बाजूला बोट दाखवलं. लांबलचक वाट, वळणं, पुन्हा वळण. शेवटी एका भिंतीपाशी नळ होता. कानिफनाथानं माझं झाकण काढलं, मला धारेखाली धरलं. आणि तो बोलू लागला.

आधी मला कळलंच नाही, की तो बोलतोय. फार हळू आवाज होता. "तिला म्हनावं, बरी हाईस का." थांबला. मान हलवली. "न्हाई. आसं नगं." मग, "म्हनावं, आबानं राग सोडला." तेही त्याला पटलं नाही. "राग कसला. पोरीवर कसला राग." माझ्यातलं पाणी काठाला आलं, वाहू लागलं, त्याच्या कोटाची बाही भिजली. त्याचं लक्ष नव्हतं. नळापाशी झाडणारी एक बाई म्हणाली, "बाबा, भरला की तांब्या!" त्यानं नळ बंद केला, पण जागचा हलला नाही. डोळे मिटून, पाठ केल्यासारखं तो म्हणाला:

"पुष्पाची आई, तिला म्हनावं, ये. त्यालाबी घिऊन ये. घर तुजंच हाय."

एवढंच. पण किती वर्षांनी मी ती हाक ऐकली! त्यानं माझं झाकण घट्ट बसवलं आणि मोठ्या ढांगा टाकत परत निघाला. ओठ हलत होते. विसरू नये म्हणून तो तेच तेच म्हणत होता.

वर कर्ण्यातून इंग्रजीत काही तरी पुकारत होते. ते त्याला कळलं नाही, मलाही नाही.

बाकावर कोणी नव्हतं.

मच्छिंद्र धावत आला. "दाजी, हुतासा कुठं? पुकारा झाला. लई घाई केली त्यांनी. आक्का थांबा म्हनत हुती, मीच म्हनलं, जा, न्हाई तर इमान जाईल. एका नाशिकच्या बाईंच्या संगं लावून दिलंय, त्या नेतील तिला नीट."

कानिफनाथ दाराकडं गेला. दारावरच्या शिपायानं हात आडवा केला. "तिकीट?"

"माजी मंडळी आत गेलीय. येकच शबुद सांगायचाय."

"तिकीट नसेल तर नाही जाता येणार, बाबा."

शिपाई वाईट माणूस नव्हता. त्यानं काचेकडं बोट दाखवलं. काचेपलीकडं माणसांची रांग लागली होती, आणि त्या रांगेत हिरवं लुगडं आणि लोकरीचा स्वेटर. रंगुबाई सारखी मागं वळून बघत होती. तिला तो दिसला. तिचा चेहरा उजळला.

कानिफनाथ काचेला खेटून उभा राहिला. एका हातात मी, दुसरा हात काचेवर. "ये म्हनावं तिला!" तो म्हणाला. मग जन्मात ओरडला नसेल तेवढ्या मोठ्यानं, "ये म्हनावं! दोघांला!" आसपासचे लोक वळून बघू लागले. पलीकडं अक्षर पोचत नव्हतं. त्यानं हातवारे केले, त्या हातात मी होतो, मीही वर-खाली झालो.

रंगुबाईनं मला पाहिलं. ती हसली. तिला वाटलं, पाणी आणलं म्हणून दाखवतोय. तिनं हातानं खूण केली: राहू द्या, तुम्ही प्या. अंगठा तोंडाशी नेऊन दोनदा दाखवलं. मग रांग सरकली आणि ती दिसेनाशी झाली.

मच्छिंद्रानं त्याला गच्चीत नेलं. विमानं बघायला लोक उभे होते. त्यातलं आपलं कोणतं, ते कानिफनाथाला कळेना. एक उडालं, तो हात जोडून उभा राहिला. मच्छिंद्र म्हणाला, "दाजी, ह्ये न्हाई." दुसरं उडालं तेव्हा मच्छिंद्र काही बोलला नाही. कानिफनाथ ते ठिपका होईतो बघत राहिला.

परतीच्या एसटीत मी त्याच्या मांडीवर होतो, काठोकाठ भरलेला. नगर आलं, घोडेगाव गेलं, त्यानं झाकण उघडलं नाही. घरी येऊन त्यानं मला तसाच फळीवर ठेवला. मुंबईचं ते पाणी माझ्या पोटात कितीतरी दिवस राहिलं. पुढं एका सकाळी त्यानं ते अंगणातल्या लिंबाच्या बुडाशी ओतलं.

घर रिकामं झालं म्हणजे काय होतं, ते भांड्यांना लवकर कळतं. चूल एकदाच पेटू लागली. भाकरी करपायची, ती तो तशीच खायचा. शेजारची छबूबाई, आसारामाची बायको, कालवण आणून द्यायची. ती विचारायची, "काय खबर हाय का, भावजी?" तो म्हणायचा, "न्हाई." संध्याकाळी तो ओट्यावर न बसता उंबऱ्याच्या आत बसायचा, रंगुबाईच्या जागी. कधी कधी खाकरायचा. खाकरून मग त्याच्या ध्यानात यायचं, की ऐकायला कोणी नाही.

होळीच्या सुमारास तार आली. पोस्टमननं चारचौघांत वाचून दाखवली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. कानिफनाथ म्हणाला, "बरं." घरात आला, भिंतीकडं तोंड करून किती तरी वेळ उभा राहिला. मग गुळाची ढेप फोडून मारुतीच्या देवळात घेऊन गेला. त्याची हकिकत छबूबाईनं नंतर सांगितली. आसारामानं मुद्दाम विचारलं होतं, "गूळ कशाचा रं, कानिफ?"

"गाय व्याली."

सगळ्यांनी गूळ खाल्ला. कोणी हसलं नाही, इतकं मात्र खरं.

त्या वर्षी पावसानं तोंड फिरवलं. विहिरीनं तळ दाखवला, प्रवरेच्या वाळूत झरे उकरायची वेळ आली. कपिला आणि तिची कालवड छावणीत गेली. दिवाळीच्या आधी रंगुबाई परत आली, तेव्हा अंगणात उडायला धूळच होती.

ती थोडी गोरी झाली होती आणि थोडी वाळली होती. गावच्या बायका भेटून गेल्या. दिवेलागणीला दोघंच उरली. ती उंबऱ्यात टेकली, तो ओट्यावर. मी तिच्याजवळ.

"नातीचं नाव साळू ठिवलंय," ती म्हणाली.

साळूबाई म्हणजे कानिफनाथाची आई. त्याच्या लहानपणीच वारलेली.

तो हललासुद्धा नाही. "कुनी ठिवलं?"

"तुमच्या लेकीनं. जावाय बी व्हय म्हनला. लई गरीब मानूस हाय वो त्यो. मला हातानं च्या करून द्यायचा." ती जरा थांबली. "मी गेले तवा पोरगी रोज इचारायची. आबा निघताना काय म्हनले? मी काय सांगनार? म्हनायची, काय न्हाई म्हनले. मग तिनं इचारायचं सोडून दिलं."

मग तो म्हणाला, "म्हनलो हुतो."

"कवा?"

"नळापाशी. पानी भरताना."

"मला न्हाई ते सांगितलं?"

"तू काचंच्या पल्याड हुतीस, पुष्पाची आई."

रंगुबाईनं मान खाली घातली. तिचा हात माझ्या गळ्याशी होता, त्याची पकड घट्ट झाली. "काय म्हनला हुता?"

त्यानं सांगितलं. सगळं, जसंच्या तसं. इतके महिने त्याचा एक शब्दही इकडचा तिकडं झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती नेवाशाला गेली आणि शाळेतल्या मास्तरांकडून ते शब्द लिहवून घेऊन पोस्टात टाकून आली. उत्तर येईल, ती दोघं येतील, म्हणून वाट बघण्यात हिवाळा गेला. मग उन्हाळा. कानिफनाथ सडकेच्या कामावर खडी फोडायला जायचा, मला सोबत न्यायचा, आणि पोस्टमनची सायकल दिसली की घण खाली ठेवायचा. सायकल पुढं निघून जायची.

आणि पाऊस सुरू झाल्यावर उत्तर आलं. दवाखान्यातून सुट्टी नाही, प्रवासाला मूल लहान आहे, एवढंच त्यात लिहिलं होतं. सोबत एक तिकीट होतं. कानिफनाथाच्या नावाचं.

बापाची लेक! तिनंही दोनच शब्दांत भागवलं होतं.

मच्छिंद्रानं पुन्हा पासपोर्टाची धावपळ केली आणि आज सकाळी कानिफनाथ निघाला. अंगावर धुवट कोट, पायात नवे बूट, त्यांनी टाचा सोललेल्या. विमानात पाणी देतात, असं रंगुबाईनं त्याला समजावलं, म्हणून मी फळीवरच राहिलो. ती त्याला मुंबईपर्यंत पोचवायला गेली आहे. तो ओट्यावरून उतरत असताना आसारामानं रस्त्यावरून विचारलं. सगळं ठाऊक असूनही विचारलं. "कुठं निघाली रं सवारी?"

पिशवी खाली ठेवल्याचा आवाज मी ऐकला. आणि मग कानिफनाथाचा आवाज, साऱ्या आळीला ऐकू जाईल असा.

"पुष्पाकडं. माज्या लेकीकडं चाललोय, दादा. नात झालीय मला. बघून येतो."

आसाराम काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. मग कडी लागली, कुलूप लागलं, दोघांची पावलं लांब गेली.

आता घरात मी एकटा. चूल थंड, पोट कोरडं. वाटेवरच्या भांड्याला घरी ठेवून माणूस वाटेला लागला, की ते अंगाला लागतं. खोटं कशाला बोलू? या वेळी तो त्या बाकावर बसला असेल, शेजारी रंगुबाई, मध्ये मी नाही. आता पल्याड जाणारा तो आहे.

लोकहो, तुम्ही कोणाला पोचवायला जाल तेव्हा पाणी न्या, फराळ न्या, हार न्या, काय हवं ते न्या. पण सांगायचं ते घरातून निघायच्या आधी सांगा. दारावर उभं राहून नका ठेवू शिल्लक. पुकारा कोणासाठी थांबत नाही.

कानिफनाथ तिथं लेकीसमोर उभा राहून काय बोलेल, की नुसताच खाकरेल, हे मला कोणी सांगणार नाही. भांड्याला कोण सांगतं? चार दिवसांनी रंगुबाई कुलूप काढेल आणि मला पाण्याला न्यायला उचलेल. पुढं तिकडची खबर आली, की तिच्या हाताच्या पकडीवरून मला कळेल तेवढं कळेल.